बळाचे मोल आणि मोजपट्टीचा भ्रम

एप्रिल २०२२ च्या अखेरीस लास वेगास येथे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघांची वार्षिक खेळाडू-निवड पार पडली. 'ड्राफ्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सोहळ्यात पहिल्या निवडीचा हक्क जॅक्सनव्हिल संघाकडे होता आणि त्याच्यापुढे एकाच जागेवर खेळणारे दोन तरुण होते. मिशिगन विद्यापीठाच्या एडन हचिन्सनने आदल्या हंगामात प्रतिपक्षाच्या सूत्रधाराला, चेंडू त्याच्या हातात असतानाच, चौदा वेळा लोळवले होते. त्या विद्यापीठाच्या इतिहासातील तो विक्रम होता. वर्षातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन पारितोषिकाच्या मतदानातही तो दुसरा आला होता. जॉर्जिया विद्यापीठाच्या ट्रॅव्हॉन वॉकरच्या नावावर त्याच हंगामात असे सहाच पराक्रम जमा होते. मात्र वॉकरचे हात कितीतरी अधिक लांब होते, आणि जवळजवळ सव्वाशे किलो वजनाचा त्याचा देह चाळीस यार्डांचे अंतर साडेचार सेकंदांत तोडीत होता. जॅक्सनव्हिलने वॉकरला निवडले. हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटच्या वाट्याला गेला.

केलेले काम मोठे की करता येण्याजोगे काम मोठे, हा प्रश्न नोकरभरतीच्या कोणत्याही समितीपुढे असतो. परंतु ज्या बाजारात उमेदवाराची उंची, वजन, बाहूंची लांबी आणि तळहाताची रुंदी जाहीरपणे मोजली जाते, आणि ज्यात एका निवडीवर कोट्यवधी डॉलर अवलंबून असतात, तेथे हा प्रश्न जितका उघडावाघडा दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. म्हणूनच एका परक्या खेळातील एका विशिष्ट जागेच्या पारखीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे बरेच काही आहे.

फुटबॉल म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जो खेळ येतो त्याच्याशी या खेळाचा संबंध नावापुरताच. येथे चेंडू बहुतांशी हातांनीच खेळला जातो. चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, चेंडू घेऊन मागे सरतो आणि पुढे धावत गेलेल्या साथीदाराकडे तो फेकू पाहतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. या भिंतीच्या टोकाशी, तिला वळसा घालून अथवा तिच्या कडेचा चिरा ढासळवून सूत्रधारापर्यंत पोहोचण्यासाठी दबा धरून असतो तो 'डिफेन्सिव्ह एंड'. कबड्डीतल्या कोपरारक्षकाशी त्याचे दुरून साम्य आहे. दोघेही टोकाला उभे असतात आणि दोघांनाही पापणी लवते न लवते तोच निर्णय घ्यावा लागतो. फरक एवढाच, की कोपरारक्षक आणि त्याचे सावज यांच्यामध्ये दीडशे किलोचा माणूस आडवा उभा नसतो. चेंडू हातात आल्यापासून तो फेकला जाईपर्यंत अडीच ते पावणेतीन सेकंद मिळतात. तेवढ्यात सूत्रधाराला लोळवले तर ती 'सॅक'. व्यावसायिक लीगने १९८२ पासून या घटनेची अधिकृत नोंद ठेवली आहे, आणि डिफेन्सिव्ह एंडची कीर्ती व मिळकत प्रामुख्याने याच एका आकड्यावर उभी राहते.

हा आकडा फसवा आहे. उत्तम डिफेन्सिव्ह एंड एका हंगामात काही शेकडा वेळा सूत्रधारावर चाल करून जातो आणि त्यांतून दहा-बारा सॅक त्याच्या पदरात पडतात. शंभर प्रयत्नांत दोनतीनदाच घडणाऱ्या घटनेवरून, तीही महाविद्यालयाच्या बारा-चौदा सामन्यांच्या हंगामात, माणसाचे गुण ठरवणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. हचिन्सनच्या चौदा सॅकपैकी तीन एकट्या ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यातील होत्या. त्या दुपारी सूत्रधाराने चेंडू अर्धा सेकंद आधी फेकला असता तर विक्रमाचे काय झाले असते? शिवाय महाविद्यालयीन प्रतिस्पर्ध्यांत आज ना उद्या व्यावसायिक होणारे गडी थोडे, आणि पदवी घेऊन दुसऱ्याच उद्योगाला लागणारे पुष्कळ. दुबळ्या भिंतीला पाडलेल्या भगदाडांची संख्या कितीही मोठी असली तरी तीवरून भक्कम भिंतीपुढे काय होईल ते समजत नाही.

दुसरी अडचण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या ओळखीची आहे. अल्चियन आणि डेमसेट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली संघटनांच्या उगमाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिताना, दोन माणसे मिळून मालमोटारीत ओझे चढवीत असल्याचे उदाहरण घेतले होते. एकूण किती माल चढला ते मोजता येते. त्यांतील कोणाचा वाटा किती, ते मात्र मालाच्या वजनावरून सांगता येत नाही. सॅक ही अशीच संयुक्त उत्पादनाची वस्तू आहे. मागे धावत जाणाऱ्या रक्षकांनी प्रतिपक्षाच्या साथीदारांना मोकळे सोडले नाही, म्हणून सूत्रधार चेंडू धरून थांबतो. मधल्या दोघा गड्यांनी त्याची पुढे पळण्याची वाट अडवली, म्हणून तो बाजूला सरकतो. आणि तेथे उभा असलेला डिफेन्सिव्ह एंड त्याला पाडतो. नोंद मात्र त्याच्या एकट्याच्या खात्यावर होते. दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाला अर्धी सॅक देण्याची प्रथा आहे. हिशेबनिसांनी या अडचणीला दिलेली एवढीच काय ती कबुली. वॉकरच्या बाबतीत ही अडचण उलट्या बाजूने आली. जॉर्जियाचा त्या वर्षीचा बचाव इतका बलाढ्य होता की त्यांतील पाच जण पहिल्याच फेरीत निवडले गेले. त्यांच्यात काम वाटलेले होते, आणि वॉकरकडे पुष्कळदा भिंत रोखून धरण्याचे, म्हणजे इतरांना वाट करून देण्याचे काम असे. तेव्हा सहा सॅक हा त्याच्या असामर्थ्याचा पुरावा होता, की त्याच्यावर सोपवलेल्या कामाचा? जॅक्सनव्हिलने दुसरे उत्तर ग्राह्य धरले. ते सर्वस्वी अविचाराचे होते असे म्हणता येत नाही.

कामगिरीच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून संघ देहाच्या आकड्यांकडे वळतात. १९८२ साली सुरू झालेली आणि १९८७ पासून इंडियानापोलिस येथे भरत आलेली 'कंबाइन' नावाची सामुदायिक चाचणी याच गरजेतून जन्मली. तेथे चाळीस यार्डांची धाव सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजतात. दोनशे पंचवीस पौंडांचा भार छातीवरून किती वेळा उचलला ते मोजतात. उभ्याने किती उंच उडी घेतली तेही मोजतात. अर्ध्या कपड्यांत उभ्या केलेल्या तरुणांची अशी मापे घेणाऱ्या या प्रदर्शनाची तुलना अमेरिकेतीलच टीकाकारांनी गुलामांच्या बाजाराशी केली आहे. या खेळातील बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू कृष्णवर्णीय आणि संघांचे मालक जवळजवळ सर्वच श्वेतवर्णीय, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तुलनेतील बोच कळते; कोट्यधीश होऊ घातलेल्या तरुणांना ती लागू पडत नाही, हे उत्तर पुरेसे वाटत नाही.

मोजपट्टीचा मोह किती महाग पडतो याचे उदाहरण म्हणून १९९५ सालच्या माइक मामुलाचे नाव घेण्याची तिकडे रीतच पडून गेली आहे. बॉस्टन कॉलेजच्या या डिफेन्सिव्ह एंडने चाचणीतल्या प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र तयारी केली होती आणि त्याचे आकडे पाहून पारखी थक्क झाले. परीक्षेतल्या प्रश्नांचाच सराव करून गुण मिळवणारा विद्यार्थी आपल्याकडील शिक्षकांना नवा नाही. अमेरिकेतील प्रशिक्षकांना तो तेव्हा नवा असावा. फिलाडेल्फियाने बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर चढण्यासाठी दुसऱ्या फेरीतील आपले दोन हक्क टँपा बे संघाला देऊन टाकले आणि मामुलाला घेतले. टँपाने बाराव्या क्रमांकावर वॉरन सॅपला घेतले. या सौद्यातून हाती आलेल्या हक्काच्या आधारे वर सरकून पहिल्याच फेरीत डेरिक ब्रुक्सलाही मिळवले. हे दोघेही पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात विराजमान झाले. मामुला पाच हंगाम खेळला आणि साडेएकतीस सॅक मिळवून निवृत्त झाला. वस्तुतः ही कामगिरी टाकाऊ मुळीच नव्हे. चूक त्याची नव्हती. त्याच्यासाठी मोजलेल्या किमतीची होती, आणि ती ज्यांनी मोजली त्यांचे नाव मात्र कोणी घेत नाही.

याच्या विरुद्ध टोकाचा धडा जेडेव्हियन क्लाउनीचा. दक्षिण कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळताना २०१२ मध्ये त्याने तेरा सॅक मिळवल्या आणि पुढच्या वर्षी अवघ्या तीन. तेरावरून तीनवर घसरलेला मनुष्य पहिल्या क्रमांकाच्या लायकीचा कसा, असा प्रश्न विचारला गेला. परंतु प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्या बाजूने खेळणेच कमी केले होते. ज्याच्या धाकाने वाटसरू रस्ता बदलतात त्याच्या नावावर लुटीच्या नोंदी कमीच असायच्या. ह्यूस्टनने २०१४ साली त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. पहिल्याच हंगामात गुडघा दुखावल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे लीगच्या मानाच्या संघात तो तीनदा आला, तरी पहिल्या दहा हंगामांत एकदाही त्याला दहा सॅकचा आकडा गाठता आला नाही. निवड बरोबर होती की चूक? दहा वर्षे उलटल्यावरही जाणकारांत एकमत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर निकालानंतरही सापडत नाही, त्याचे उत्तर निकालाआधी ठामपणे देणाऱ्यांचा एक मोठा धंदाच अमेरिकेत उभा राहिला आहे.

या ठामपणाची किंमत केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघा संशोधकांनी मोजून पाहिली. यांपैकी थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रथम प्रसृत झाला आणि २०१३ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाला. एकाच जागेवर खेळणाऱ्या, एकामागोमाग निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच अधिक असते, असे त्यांना आढळले. आणि तरीही वरच्या क्रमांकांच्या हक्कांसाठी संघ अवाच्या सवा किंमत देत होते. निवड करणाऱ्यांना काहीच कळत नाही, असा याचा अर्थ नव्हे. एकंदरीत पाहता पहिल्या फेरीतील खेळाडू चौथ्या फेरीतील खेळाडूंपेक्षा सरस निघतात. परंतु जितके कळते त्याहून कितीतरी अधिक कळते असे त्यांना वाटते, आणि खोट नेमकी तेथे आहे.

२०१९ साली ओकलंडच्या रेडर्स संघाने या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिकच करून दाखवले. चौथ्या क्रमांकावर त्यांनी क्लेमसन विद्यापीठाचा डिफेन्सिव्ह एंड क्लेलिन फेरेल निवडला. क्लेमसनच्या बचावाच्या पुढच्या फळीतील आणखी दोघे त्याच फेरीत निवडले गेले. म्हणजे मालमोटारीचा प्रश्न येथेही होताच. त्यानंतर एकशे सहाव्या क्रमांकावर याच संघाने आणखी एक डिफेन्सिव्ह एंड घेतला: ईस्टर्न मिशिगन या फारशा नावाजलेल्या नसलेल्या विद्यापीठाचा मॅक्स क्रॉसबी. पहिल्याच हंगामात क्रॉसबीने दहा सॅक मिळवल्या. फेरेलला तेवढ्या मिळवायला रेडर्समधील चार हंगाम लागले. एकच संघ, एकच वर्ष, एकच जागा आणि पारखणारी माणसेही तीच. शंभर क्रमांकांचे अंतर त्यांनी ज्या आत्मविश्वासाने आखले, तो अंतर आखणाऱ्यांच्या मनातच होता.

येथवरची कथा संघांच्या चुकांची झाली. या चुकांचा भुर्दंड कोणावर पडतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याकडे क्रीडासमीक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. फेरेलचा चार वर्षांचा करार तीन कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा होता; क्रॉसबीचा पस्तीस लाखांहूनही कमी. पहिल्या वर्षीच किंमत सिद्ध होऊनही क्रॉसबीला तीन हंगाम त्याच वेतनावर खेळावे लागले, कारण नवोदिताच्या पहिल्या करारात तीन हंगाम पुरे होण्याआधी फेरबदल करण्यास लीगच्या नियमांनी बंदी आहे. २०२२ च्या मार्चमध्ये त्याला नवा, नऊ कोटी डॉलरांहून मोठा करार मिळाला. ज्या खेळात गुडघा एका क्षणात निकामी होतो, त्यात तीन हंगामांची प्रतीक्षा ही केवळ प्रतीक्षा नसते. आपल्या देहाचा विमा खेळाडू स्वतः उतरवतो, आणि हप्तेही स्वतःच भरतो.

हे वेतन बाजारात ठरत नाही. त्याचे कोष्टक २०११ च्या करारान्वये क्रमांकाप्रमाणे बांधून दिलेले आहे. ह्यूस्टननेच २००६ साली मारिओ विल्यम्स या डिफेन्सिव्ह एंडला पहिल्या क्रमांकावर घेतले तेव्हा त्याच्याशी सहा वर्षांसाठी पाच कोटी चाळीस लाख डॉलरांचा करार केला होता, म्हणजे वर्षाला नव्वद लाख. त्याच संघाने आठ वर्षांनंतर त्याच क्रमांकावर, त्याच जागेसाठी घेतलेल्या क्लाउनीला चार वर्षांचे सुमारे दोन कोटी तेवीस लाख मिळाले. वर्षाला छप्पन्न लाखांच्या आसपास. मधल्या काळात लीगचे उत्पन्न घटले नव्हते. ते वाढतच होते. वरच्या क्रमांकांवर होणाऱ्या महागड्या चुकांचा उपाय म्हणून मालकांनी आपली पारख सुधारली नाही, चूकच स्वस्त करून घेतली.

आणि खेळाडूंच्या संघटनेने हे मान्य कसे केले? नवोदितांवरील खर्च कमी झाला की उरलेला पैसा जुन्यांकडे वळेल, ही तीमागची अपेक्षा होती. वाटाघाटींत आणि मतदानात भाग घेणारे सर्व त्या वेळचे खेळाडू होते. ज्यांचे वेतन कापले जात होते ते अद्याप महाविद्यालयांत होते आणि त्यांना मत नव्हते. कामगार संघटनांच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. आपल्या गिरण्यांत कायम कामगार आणि बदली कामगार यांच्या हितांत पडलेली फूट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तिचे स्वरूप समजावून सांगण्याची गरज नाही.

ड्राफ्टचे समर्थन नेहमी समतोलाच्या नावाने केले जाते. दुबळ्या संघाला पहिली निवड मिळाली नाही तर श्रीमंत संघ सगळे गुणवंत पळवतील, असा हा युक्तिवाद. फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली हाच प्रस्ताव मांडला आणि १९३६ मध्ये पहिली निवड झाली. योगायोग असा, की बेल यांचा संघ त्या वेळी तळाशी होता. पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिला पुकारला गेलेला जे बर्वँगर व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहण्यापेक्षा त्याने दुसरा व्यवसाय पत्करला. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ साली बेसबॉलच्या संदर्भात दाखवून दिले होते, की खेळाडूला एका मालकाशी बांधून ठेवल्याने गुणवत्तेची वाटणी फारशी बदलत नाही, कारण हक्कांची खरेदी-विक्री होऊन गुणवंत शेवटी जेथे त्याला अधिक किंमत आहे तेथेच जातो. बदलते ते एवढेच, की ती किंमत खेळाडूच्या खिशात न जाता मालकाच्या खिशात जाते. समतोलासाठी ड्राफ्ट अपरिहार्य आहे असे म्हणणाऱ्यांनी या आक्षेपाला सरळ उत्तर दिल्याचे दिसत नाही.

न्यायालयात हा प्रश्न एकदा गेला होता. १९६८ साली वॉशिंग्टन संघाने निवडलेल्या जेम्स स्मिथ या खेळाडूची मान पहिल्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात दुखावली आणि त्याची कारकीर्द संपली. खुल्या बाजारात अधिक चांगल्या अटी मिळाल्या असत्या, असे सांगत तो न्यायालयात गेला; आणि ड्राफ्टची त्या काळची पद्धत स्पर्धेवरील अवाजवी निर्बंध ठरते, असा निर्णय अपील न्यायालयाने १९७८ साली दिला. त्याचा उपयोग पुढच्यांना मात्र झाला नाही. आदल्याच वर्षी संघटनेने सामूहिक कराराद्वारे ड्राफ्टला संमती दिली होती, आणि अशा कराराने मान्य केलेल्या निर्बंधांना स्पर्धाविषयक कायदा सहसा लागू होत नाही.

भारतातही या पद्धतीचा एक छोटा प्रयोग होऊन गेला आहे. २००८ साली आयपीएलच्या आरंभी इतर खेळाडूंचा लिलाव झाला, तरी एकोणीस वर्षांखालील संघातील खेळाडूंची वाटणी ड्राफ्टने करण्यात आली. पहिला हक्क दिल्लीचा होता. दिल्लीने जलद गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतले आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगलोरकडे गेला. फलंदाजी भक्कम असलेल्या संघाने गोलंदाज निवडणे त्या दिवशी शहाणपणाचेच होते, आणि पुढच्या ज्ञानाने त्या निवडीला हसणे अन्यायाचे होईल. लिलावातही चुका होतातच, कित्येकदा अधिक मोठ्या होतात. पण लिलावात चुकीची किंमत चूक करणारा मोजतो.

ड्राफ्ट मोडून टाकण्याची मागणी व्यवहारात टिकणारी नाही. पहिला करार चार वर्षांऐवजी दोन वर्षांचा करणे मात्र अशक्य नाही. दोन हंगामांत डिफेन्सिव्ह एंडची जितकी पारख होते तितकी कोणत्याही मोजपट्टीने होत नाही, हे क्रॉसबीने दाखवले आहे आणि वॉकर-हचिन्सन यांनीही. हचिन्सनने पहिल्या दोन हंगामांत मिळून एकवीस सॅक मिळवल्या, वॉकरने साडेतेरा. तिसऱ्या हंगामात, पाच सामन्यांत साडेसात सॅक मिळवून आघाडीवर असताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये डॅलस येथे हचिन्सनच्या पायाची दोन्ही हाडे मोडली. त्या वेळी तो नवोदिताच्याच करारावर होता. तो पुन्हा उभा राहिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटने त्याच्याशी चार वर्षांचा अठरा कोटी डॉलरांचा नवा करार केला. हाड नीट जुळले नसते तर बाजाराला त्याची किंमत कधी कळलीच नसती.

मालक आणि संघटना यांच्यातील सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत चालायचा आहे. त्यानंतरच्या अटी ज्यांना लागू होतील ते डिफेन्सिव्ह एंड आज शाळेत शिकत आहेत.